सात नंबरचा दगड

"काळेच असतात! मामा, ते दगड काळेच असतात!"

भाची ओरडत होती. माझ्याच ओसरीत, भर दुपारी, हातात रिकामी गोणी उलटी धरून. आवाज असा, की शेजारणीच्या कोंबड्यांनी पुढं तीन दिवस अंडं घातलं नाही आणि पालीच्या धरणावरचे बगळे उठले ते थेट गेवराईला जाऊन बसले. मी खोटं कधी सांगत नाही. फार तर थोडं वाढवून सांगतो.

"आता काळे म्हंजी," मी म्हणालो, "काळे दगड तर आपल्याकडं..."

"कुठं टाकले?"

"टाकले असं न्हाई म्हणता येणार."

"मामा, कुठं टाकले?"

मी तलावाच्या दिशेला बोट केलं. तेवढं करताना हात इतका जड झाला, की तो उचलायला गावातून चार माणसं बोलवावी असं वाटलं. भाची मटकन खाली बसली. आधी ओरडत होती ते बरं होतं.

ही माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. मेहुणे ती पाचवीत असताना गेले. बहिणीनं अंगणवाडीत नोकरी करून तिला वाढवलं, आणि "हिच्या शिक्षणाला काही कमी पडू देणार न्हाई" असं मी विहारात पन्नास माणसांसमोर बोलून बसलो. आमच्या वडिलांनी जन्मभर रस्त्याची खडी फोडली. मी ट्रॅक्टर घेतला आणि दगड वाहतो. विहिरीला, घराच्या पायाला, तलावाला, जिथं लागंल तिथं. म्हणजे आमच्या घराण्यात दगड फोडणारे झाले, वाहणारे झाले. दगड वाचणारी ही पहिली. विद्यापीठात दगडांवर संशोधन करते. तिची निवड झाली तेव्हा विहारात सत्कार ठेवला होता. मी बोलायला उभा राहिलो तो माईक माझ्या हातून सोडवायला तिघं लागले.

त्या वर्षी जुलैत ती लडाखला गेलती. दोन महिने डोंगर चढली, उतरली, आणि परत आली ती तापानं फणफणलेली. तिनं गोळा केलेले दगड मागून ट्रान्सपोर्टनं बीडला आले. अंथरुणातूनच तिनं मला फोन केला. "मामा, तेवढी गोणी सोडवून आणा आन् जपून ठेवा. माझा सगळा प्रबंध त्या गोणीत हाय."

मी गोणी आणली. ट्रॉलीत नाही ठेवली, ट्रॅक्टरवर माझ्या शेजारी बसवली, नवरदेवासारखी. वाटेत दोघांनी विचारलं, काय हाय? मी सांगितलं, हिमालय हाय, बाजूला व्हा.

घरी आल्यावर मात्र मला राहवलं नाही. गोणी सोडली. माझ्या मनात काय होतं ते सांगतो. लडाखचा दगड म्हणजे निळा असेल, जांभळा असेल, आत काहीतरी चमचमत असेल. पहिल्या दगडाचा कागद काढला. काळा. दुसऱ्याचा काढला. काळा. नऊच्या नऊ काळे! प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, ठिपक्यावर आकडा, शेजारी एक बाण.

आता बीड जिल्ह्यातल्या माणसाला काळा दगड काय असतो, ते बाहेरच्याला कळणार नाही. आम्ही त्याच्यावर कपडे धुतो, त्याचा उंबरा करतो, त्याच्यावर मिरची वाटतो, कुत्र्यालाही तोच मारतो. जमिनीत हातभर खणलं की काळा, शंभर हात खणलं तरी काळा. असला दगड कुणी हिमालयातून भाडं भरून बीडला आणील? वाळवंटात वाळू विकत घेण्यातला प्रकार. मी उभ्या उभ्या निकाल लावला: ट्रान्सपोर्टवाल्यांनी पोरीचे खरे दगड काढून घेतले आणि वजनाला आपल्या खडकातले भरून दिले. ठिपका आणि बाण ही त्यांचीच काहीतरी खूण.

दुसऱ्या दिवशी मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो आणि असा काही आवाज लावला, की तिथला कारकून टेबलाखालून माझ्याशी बोलला.

"काय बे," तो म्हणाला, "बीडात दगड कोण चोरतंय?"

"दगड न्हाई, हिमालय चोरलाय तुमी!"

दोन दिवस मी ते प्रकरण लढवलं. भाचीला काहीच कळू दिलं नाही. तापात आहे, जिवाला लावून घेईल. आणि ते नऊ काळे दगड? त्यांच्याकडं बघितलं की माझं रक्त उकळायचं. गावावरच्या पाझर तलावाच्या बांधाला तेव्हा पिचिंगचं काम चालू होतं. म्हणजे पाण्यानं माती खचू नये म्हणून बांधाच्या आतल्या उताराला दगड बसवतात, ते. दगड माझ्याच ट्रॉलीनं जात होते. मी ते नऊ उचलून भरल्या ट्रॉलीत फेकले. नववा जरा जास्तच जोरात फेकला.

असं ते झालं. शनिवारी भाची ताप उतरून गोणी न्यायला आली. सोमवारी विद्यापीठात दगड कापायच्या मशीनवर तिची पाळी होती. आणि मी तिला सगळी चोरीची कहाणी रंगवून सांगत होतो, कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचलो होतो, तेव्हा तिनं ओरडायला सुरुवात केली.

*

तलावावर पोचलो तर मिस्त्री बांधावर बसून डबा खात होता. पिचिंग त्याच्याच हातचं. साठी कधीच ओलांडलेला, छातीत भाता बसवल्यासारखा धाप लागणारा माणूस. पण दगड हातात घेतला की त्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं हे त्याला दगडाआधी कळायचं.

"जय भीम, मिस्त्री."

"राम राम. आज संगं ट्रॉली न्हाई, मंग कावून आलात?"

मी बांधाकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा दगड. एक लाख तरी असतील. मिस्त्री म्हणतो चाळीस ट्रॉल्या, पण मिस्त्रीला कुठलीच गोष्ट नीट सांगता येत नाही. वरच्या अंगाला चार दिवस परतीचा पाऊस लागला होता आणि तलाव भरत होता. बांधाचे खालचे थर पाण्यात गेलेले दिसत होते.

भाचीनं सांगितलं, नऊ दगड शोधायचेत. मिस्त्रीनं भाकरीचा घास तसाच धरून ठेवला. मग हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

"मंगळवारच्या ट्रॉलीत व्हते का?" त्यानं विचारलं.

"तुमाला कसं कळलं?"

"त्या ट्रॉलीतले काही दगड घणाला नीट फुटंनात. आपला दगड खणकन बोलतो. त्यातला एक मारला तर मडक्यावानी बोलला आन् त्याच्या कपच्या निघाल्या. मी म्हणलं, कुठला नासका माल आणलाय या ट्रॅक्टरवाल्यानं."

भाचीनं डोळे मिटून घेतले. "फोडला?"

"एकाचा कोपरा. बाकी ठेवले तसेच."

ओळखायचे कसे, ते तिनं सांगितलं. कोरडे असताना सगळे काळेच दिसतात, पण ओले केले की तिचे दगड हिरवट दिसतील. आपल्या दगडात पांढरे मणी असतात, बारीक बारीक, फोडलेल्या अंजिरात असावेत तसे. तिच्या नवात तसले मणी नाहीत. "ज्यात पांढरे मणी, तो आपला. तो सोडून द्यायचा."

मग आम्ही बादल्या आणल्या. मी तलावातून बादली भरायचो, उतारावर फेकायचो, भाची वाकून बघत पुढं सरकायची. पाऊस चार शेतांपलीकडं पडत होता आणि इथं मी कोरड्या दगडांना अंघोळ घालत होतो. रस्त्यानं जाणारा एकजण थांबून म्हणाला, "बांध धुऊन काढताय का? मुख्यमंत्री येणार हायत?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही.

तासाभरात पहिला सापडला. पाणी पडलं आणि काळ्या रांगेत एक दगड एकदम हिरवा झाला, शेवाळलेल्या बेडकासारखा. ठिपका होता. तीन नंबर. भाचीनं तो पोटाशी धरला आणि मला वाटलं, झालं, सुटलो. दुसरा लागलीच. मग तासभर काही नाही.

दम खायला बसलो तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "बाई, एवढं काय हाय त्या दगडात?"

"समुद्राचा तळ हाय, बाबा."

"तुमचा मामा तर म्हणला हिमालय हाय."

"आधी समुद्रच व्हता तिथं. हिमालय मागून आला." ती उकिडवी बसून बोटानं मातीत रेघा मारायला लागली. "समुद्राच्या तळाला भेग पडती. तिच्यातून तापलेला रस बाहेर येतो, पन् वर थंडगार पाणी. मग त्याला लगेच कातडी धरती. आतला रस काही थांबत न्हाई, तो कातडी फुगवून गोल व्हतो, लोडावानी. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. गोण्यांची थप्पी मारल्यावानी. वरचा लोड मऊ असतो ना, तर त्याचं पोट खालच्या दोघांच्या फटीत उतरतं. म्हणून वरून गोल आन् खालून शेपटी. कितीबी काळानं बघा, समुद्रात असताना वर कुठलं आन् खाली कुठलं ते दगड सांगतो."

"मंग तो डोंगरात कसा चढला?" हे मी विचारलं. खरं म्हणजे मला वेळ घालवायचा होता, कारण ती बोलत होती तोवर रडत नव्हती.

"आपली जमीन उत्तरेला सरकत गेली. मधला समुद्र मिटत गेला, त्याचा तळ पलीकडच्या जमिनीखाली घुसत गेला. जवळजवळ समदा गेला. पन् काही तुकडे..."

"खाली जात न्हाईत," मिस्त्री म्हणाला. "जेसीबीनं तलावाचा गाळ काढताना बघितलंय मी. बकेट पुढं रेटली की वरची वाळलेली खपली गाळाखाली जात न्हाई. उचलती, चढती, आन् उभीच राहती. कधी कधी तर पालथी व्हती."

भाची त्याच्याकडं बघतच राहिली. "बाबा, हे मला समजायला दोन वर्षं लागली."

"मला बी तीन तलाव लागले."

"तसंच झालं. समुद्राच्या तळाची खपली दोन जमिनींच्या मधी सापडली, रेटारेटीत वर चढली, आन् डोंगर उठला तवा त्याच्याबरोबर गेली. आज ती ढगात हाय."

"आन् आपला दगड?" मी विचारलं.

"आपला जमिनीवर सांडलेला. थरावर थर. सांडला तिथंच हाय, मामा. कुठं गेला न्हाई."

आपल्या दगडाच्या वतीनं मला जरा वाईट वाटलं.

मग तिनं सात नंबरचं सांगितलं. बाकी आठ दगड आहेत ते आहेत. पण सात नंबर हा अख्खा लोड होता, लहानसा, टरबुजाएवढा, शेपटीसकट. डोंगरात तो पालथा सापडला होता. शेपटी आभाळाकडं. त्याच्यावरचा बाण म्हणजे डोंगरात वर कुठली बाजू होती त्याची खूण. "बाण म्हणतो हिकडं वर, दगड म्हणतो तिकडं वर. त्या दोघांचं भांडण म्हंजी माझा प्रबंध. तिथली समदी खपली पालथी हाय असं मी म्हणते. बाकीचे म्हणतात सुलटी हाय."

"फोटो काढला असशील की?"

"फोटो कुणीबी उलटा धरू शकतो, मामा."

संध्याकाळपर्यंत पाच सापडले. तीन, आठ, एक, पाच आणि दोन. सात नाही.

*

रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, सापडले का?"

"समदे सापडले. जे बाकी हायत तेवढेच सापडायचेत."

ती म्हणाली, "दादा, एवढं एक तरी वाढवून सांगू नको. पोरगी जेवली का?"

पोरगी जेवली नव्हती. मीही नव्हतो. तलावावर पोचलो तर रात्रीतून पाणी चार थर वर आलेलं. मिस्त्री आधीच येऊन बसला होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "नासका दगड आमी वर बसवत न्हाई."

"मग?"

"तळाला बसवतो. साहेब मापं घ्यायला येतो तवर पाणी चढल्यालं असतं. खालचं कोण बघतंय?"

ही या धंद्यातली जुनी रीत आहे, मलाही ती माहीत होती. चांगला दगड डोळ्यासमोर, वाईट दगड पाण्याखाली. पण त्या दिवशी ती ऐकली आणि वाटलं, बांधच माझ्या छातीवर आणून ठेवलाय.

उरलेल्या चारांतले तीन कंबरभर पाण्यात होते. मिस्त्रीनं जागा दाखवल्या, मी पायानं चाचपले, पहारीनं उचकटले, आणि भाचीच्या हातात दिले. सहाच्या ठिपक्याचा रंग सुटायला लागला होता. तिनं घाईघाईनं ओढणीनं टिपला. चार बरा होता, नऊचा कोपरा तेवढा उडालेला. आठ झाले.

"आन् तो शेपटीवाला?" मी विचारलं.

मिस्त्रीनं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिथं जुन्या बाभळीचा बुंधा पाण्याबाहेर वीतभर दिसत होता. "त्या बुंध्याच्या समोर. तळापासून दुसरा थर. लई झ्याक बसला तो. त्याची शेपटी खालच्या दोन दगडांच्या फटीत अशी उतरली, जशी त्याच्यासाठीच ठेवली व्हती."

भाची हसली. त्या दोन दिवसांत एवढं एकदाच, आणि ते हसणं ऐकून मला रडू आलं. कोट्यवधी वर्षं पालथा पडलेला दगड. त्यासाठी ती दोन महिने डोंगर चढली, आजारी पडली; आणि आमच्या मिस्त्रीनं तो एका हातानं सुलटा करून जागेवर बसवला होता. समुद्रात जसा होता अगदी तसा. पाण्याखालीसुद्धा.

"किती खोल असंल तिथं?" तिनं विचारलं.

"दीड पुरुष. संध्याकाळपर्यंत दोन व्हईल."

"उन्हाळ्यात तलाव आटंल की," मी म्हणालो. "एप्रिलात मी स्वतः जाऊन..."

"माझी मुदत मार्चला संपती. आन् रंग तवर ऱ्हाईल का? बाण गेला की तो नुसता दगड हाय." ती पाण्याकडं बघत होती. "तिकडचा रस्ता बर्फानं बंद व्हतो आता. परत जाता यायचं न्हाई. कुणी पवणारा माणूस बघा ना, मामा."

मिस्त्री म्हणाला, "आता कुणाला बोलवता? गावातला पट्टीचा पवणारा तर हितंच उभाय."

माझी इथं एक गोष्ट सांगायची राहिली. गेली तीस वर्षं मी गावाला सांगत आलोय, की गेवराईजवळ भर पुरात मी गोदावरी ओलांडली. एका काखेत म्हैस, दुसऱ्या काखेत म्हशीचा मालक. भाची लहान असताना ही गोष्ट ऐकल्याशिवाय झोपायची नाही. दर वेळी पूर वाढत गेला, आणि एकदा तर म्हशी दोन झाल्या. खरं म्हणजे गोदावरी मी पुलावरून ओलांडली होती. एसटीनं. खिडकीजवळ जागा मिळाली होती.

दोघं माझ्याकडं बघत होते. त्याच वेळी खरं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझ्याच हातानं तिचा प्रबंध पाण्यात गेलेला, ती समोर उभी, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा आशा. मी सदरा काढला.

"दोर आणा," मी म्हणालो. "मला गरज न्हाई, पन् रीत म्हणून."

ट्रॅक्टरच्या हुकाला नायलॉनचा दोर बांधला, दुसरं टोक माझ्या कमरेला. गाठ मी स्वतः मारली आणि तिच्यावर अजून तीन मारल्या. हातात पहार. उतारावरचे दगड शेवाळानं बुळबुळीत झालेले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, मग गळ्याला. तिथून पुढं बुंधा आणखी दहा हात.

मी म्हणालो, "पाणी जरा थंड हाय." हे शब्द तोंडातून निघेपर्यंत निम्मा तलाव तोंडात गेला होता.

पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काही नव्हतं.

पाण्याखाली काय दिसतं म्हणून लोक विचारतात. काही दिसत नाही. तांबडा गढूळ अंधार. कानात आवाज होतो, आपलाच. मी हात मारले, पाय मारले, पहार सुटली. गुडघा दगडांवर आपटला. मला वाटलं, संपलं. आता माझ्यावर वर्षावर्षाचा गाळ बसणार, आणि काही कोटी वर्षांनी डोंगर उठला की मीही त्याच्यात पालथा सापडणार, आणि कुणीतरी माझ्यावर पांढरा ठिपका देणार. तेवढ्यात हाताला गोल लागलं. गोल, गुळगुळीत, टरबुजाएवढं! मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. तो थरातून सुटला की आधीच सुटा पडला होता, देव जाणे. मग कमरेला हिसका बसला.

मिस्त्री आणि भाचीनं मला ओढून काढलं. धाप लागणारा म्हातारा आणि परवा तापातून उठलेली पोर. उताराच्या दगडांवरून मी पालथा, फरफटत वर आलो. नाकातोंडातून पाणी. पण दगड सोडला नव्हता.

भाची घाबरून माझी पाठ चोळत होती. "मामा, मामा, बोला ना."

माझं तोंड बांधाकडं होतं आणि दगड छातीखाली. चिखलानं माखलेला. मी अंगठ्यानं एका जागी चिखल पुसला.

पांढरे मणी.

अजून एका जागी पुसला. तिथंही मणी. शेपटी नव्हती. गोल होता, एवढंच.

मग मी जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. मी तोच चिखल बोटानं गोळा केला आणि मण्यांवर परत थापला. का? मलाच माहीत नाही. वाटलं, अजून थोडा वेळ तिच्या तोंडावर ती आशा राहू दे. आयुष्यभर मी नसलेल्या म्हशी काखेत घेऊन फिरलो, त्यात अजून एक.

उठून बसलो आणि दगड तिच्या पुढं केला. "घे. तुझा सात नंबर."

तिनं दोन्ही हातांत घेतला. ती काही बोलायच्या आत मीच सुरू झालो, मोठ्यानं, थांबलो तर मेलो अशा थाटात. खाली केवढं पाणी होतं, केवढा मासा होता, मासा दगडावर बसला होता, उठायला तयारच नव्हता, मी त्याला म्हणलं बाबा रे, पोरीचं शिक्षण हाय. मिस्त्री मान खाली घालून दोर गुंडाळत होता. भाचीनं पाण्याची बाटली उघडली आणि दगडावर हळूहळू धार सोडली. चिखल ओघळून गेला. दगड काळाच राहिला. मी मासा सांगतच होतो.

"हा आपला हाय, मामा," ती म्हणाली.

पाऊस आता इकडं सरकला होता; पाण्यावर थेंब पडायला लागले. बुंधा बघायला मान वळवली तर तो दिसेना.

तिनं तो दगड फेकला नाही. उतारावर एक जागा मोकळी होती तिथं नीट बसवला, हलवून बघितला. मग ओसरीतून आणलेली गोणी पसरली आणि आठ दगड एकेक करून कागदात गुंडाळायला लागली. बाण वर येतील असे ती प्रत्येकाचे कागद घालत होती.

"आठांवर भागंल ना?" मी विचारलं.

"त्याचं प्रकरण काढून टाकावं लागंल."

"किती मोठं प्रकरण हाय?"

"तेच मोठं हाय."

मला थंडी वाजत होती. दात वाजत होते ते मिस्त्रीलाही ऐकू जात असतील. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि मला दुसरं काही येत नाही.

"उद्या परत उतरतो की," मी म्हणालो. "सोमवारचं मशीन मंगळवारी मिळंल, तू फोन करून बघ. आज पाणी अनोळखी व्हतं, उद्या वळखीचं असंल. अगं, जिनं गोदावरीसारखी गोदावरी बघितली त्या काखेला हे डबकं म्हंजी काय? पूर व्हता तवा..."

भाची गोणीचं तोंड सुतळीनं बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमाला पवता येत न्हाई, मामा."